शिडी, संत्रं, उशी, बटण, नदी

अमेय टेंभुर्णीकरचं आडनाव त्याच्या जर्सीवर मावत नसे. इंग्रजीत बारा अक्षरं. एका बगलेतून निघून, पाठीवर कमान करून ती दुसऱ्या बगलेत जाऊन संपायची आणि शेवटचं अक्षर त्याने हात वर केल्याशिवाय दिसायचं नाही. माइकवरून नावं पुकारणाऱ्या माणसाने पहिली दोन वर्षं त्या आडनावाशी झटापट केली आणि मग नाद सोडला. टीममध्ये सगळे त्याला 'टेम्बो' म्हणायचे. पहिलं नाव तिथे कुणी घेतच नसे, कारण 'अमेय' अमेरिकन तोंडात गेला की 'एमी' होऊन बाहेर पडतो, आणि एमी हे मुलीचं नाव. "काकू, माझी फर्स्ट फाइट त्या नेमवरूनच झाली, किंडरगार्टनमध्ये," तो सांगायचा. "सो ब्लेम आई."

तो धंद्याने आइस हॉकी खेळाडू होता. टेक्सासमधल्या प्लेनोच्या आमच्या मराठी मंडळात सॉफ्टवेअरवाले पन्नास, डॉक्टर चार आणि हा एक. त्याची आई शैलाताई, कुणी विचारलंच तर, "तो स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये आहे," असं सांगून ताबडतोब भजी आणायला आत जायची.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते दोन हजार तीनच्या गणपतीत. सव्वासहा फूट उंची, डावा डोळा सुजून बंद, भुवईवर टाके, आणि अंगात आईने इस्त्री करून दिलेला झब्बा. मूर्ती जड होती. आमचे सॉफ्टवेअरवाले चौघे मिळून, "संभाळ यार, संभाळ," करत ती हलवायचा प्रयत्न करत होते. याने एकट्याने उचलली, स्टेजवर ठेवली आणि हात जोडून मोठ्याने म्हणाला, "बाप्पा, मम्मं!" हॉलमध्ये हशा पिकला. त्याला कळेना की काय चुकलं.

चुकलं काहीच नव्हतं. त्याचं मराठी चार वर्षांचं होतं, एवढंच. शाळेत जायला लागला आणि घरातलं मराठी तिथेच थांबलं. त्यामुळे जेवण म्हणजे मम्मं, बाहेर जाणं म्हणजे भूर आणि लागलं, खुपलं, हाड मोडलं, काहीही झालं तरी 'बाऊ'. पुढचे तीन दात नसलेला तो दांडगा माणूस हाताची सुजलेली बोटं पुढे करून, "काकू, बाऊ झाला," म्हणाला की हसावं की रडावं कळायचं नाही. मी बहुतेक वेळा हसले आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या गोष्टीत माझाही हात आहे. मी नागपूरला अकरा वर्षं गणित शिकवलं. स्कॉलरशिपच्या परीक्षेला मुलं बसवायचे. माझ्या हाताखालचं एकही पोर कधी नापास झालं नाही, आणि हे मी कुणी न विचारताही सांगत असे. दोन हजार एकमध्ये नवऱ्यामागोमाग टेक्सासला आले. मिलिंदला नोकरी होती. मला नवऱ्याच्या व्हिसावर राहायची परवानगी होती, काम करायची नव्हती. मिलिंद सकाळी हायवेला लागला की मी ओटा पुसायचे, तो पुसून झाला की पुन्हा पुसायचे. शिकवायची सवय सुटलेली नव्हती आणि समोर कुणी नव्हतं. अशा बाईच्या हाती अमेय सापडला.

शैलाताई आमच्याच टाउनहाउसच्या रांगेत, तीन दारं सोडून राहायची. अमेय मॅच नसली की आईकडे यायचा आणि आईची नोकरी असल्यामुळे दुपारी माझ्याकडे. बूट दाराबाहेर काढून, टाचा जुळवून, सरळ रेषेत ठेवायचा. मग टेबलाशी बसायचा, तेही खिडकीकडे पाठ करून, आणि पुढचे खोटे दात काढायचा. त्या दातांसाठी मी एक छोटी स्टीलची वाटी वेगळी ठेवली होती. वरणभात त्याला फार आवडायचा. चावावा लागत नाही, हे त्याचं कारण. तूप वाढलं की, "काकू, यू आर माय फेव्हरिट कोच," म्हणायचा.

त्याचं काम गोल करणं हे नव्हतं. हे मला त्याची पहिली मॅच पाहीपर्यंत ठाऊकच नव्हतं. आम्ही तिघं, शैलाताई, मिलिंद आणि मी, बर्फाच्या थंडीने कुडकुडत बसलो होतो. अमेय बराच वेळ बाकावरच होता. मग समोरच्या टीममधल्या कुणीतरी आमच्या एका चपळ पोराला मैदानाभोवतीच्या काचेवर दाणकन आपटलं. कोचने अमेयच्या खांद्यावर नुसती थाप मारली. अमेय उठला, घसरत घसरत त्या माणसापाशी गेला, दोघांनी हातमोजे खाली टाकले आणि मारामारी सुरू झाली. पंच बाजूला उभे राहून बघत होते. एक जण खाली पडेपर्यंत थांबायचं, असा रिवाज. आमच्या आजूबाजूची माणसं मुलाबाळांसकट उभी राहून ओरडत होती. ठोसा हाडावर बसल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. मी शैलाताईकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते आणि ती पुटपुटत काहीतरी मोजत होती. नंतर म्हणाली, "साधारण चाळीसपर्यंत संपतं गं."

मारामारी संपल्यावर अमेयने त्या माणसाची वर गेलेली जर्सी खाली ओढून नीट केली आणि पाच मिनिटांच्या शिक्षेच्या खोक्यात जाऊन बसला. पुढे मी विचारलं, "अरे, सुरू करायच्या आधी तू त्याला काहीतरी बोललास. शिवी दिलीस का?"

"नो, नो. गुड लक म्हणालो. तो पण म्हणाला. हा त्याचा पण जॉब आहे ना, काकू."

ही लीग वरून तिसऱ्या पायरीची. टीव्हीवर दिसते ती सगळ्यात वरची. अमेयला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: वरच्या लीगमध्ये एक मॅच. "वन गेम. एकच." ती मॅच खरं म्हणजे त्याच्या बाबांची होती. टेंभुर्णीकर सोलापूरकडचे, तापलेल्या मातीतले. नोकरीने मिनेसोटात नेऊन टाकलं तेव्हा पोराला खेळायला म्हणून मागच्या अंगणात रबरी पाइपाने पाणी सोडून, ते गोठवून, त्यांनी बर्फाचं मैदान केलं होतं. पाणी सोडताना कानटोपीवरून मफलर बांधलेला त्यांचा एक फोटो शैलाताईच्या फ्रिजवर आहे. अमेय चौदा वर्षांचा असताना ते झोपेतच गेले. त्यानंतर अमेयने दुसरं काही करून पाहिलंच नाही.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात तो एकदा तीन आठवडे घरी बसला होता. मारामारीत डोक्यावर पडला होता. टीमच्या ट्रेनरने, म्हणजे दुखापतींना पट्ट्या बांधणाऱ्या माणसाने, त्याची परीक्षा घेतली आणि अमेय नापास झाला.

"परीक्षा? कसली?" माझे कान टवकारले.

तेव्हा त्याने सांगितलं. डोक्याला मार बसला की ट्रेनर एक कागद काढतो. पाच शब्द वाचून दाखवतो. मग महिने उलटे म्हणायला लावतो, शंभरातून सात सात वजा करायला लावतो आणि शेवटी ते पाच शब्द पुन्हा विचारतो. आले तर खेळ, नाही तर घरी. घरी बसलास की तुझ्या जागी दुसरा पोरगा येतो.

"शब्द दरवेळी वेगळे?"

"नो. सेम. लॅडर, ऑरेंज, पिलो, बटन, रिव्हर. त्याच्याकडे एकच शीट आहे."

"बाप्पा! प्रश्न दरवेळी तेच आणि तू नापास कसा झालास रे?"

हे माझे शब्द. मला ते जसेच्या तसे आठवतात. पेपर आधीच माहीत असूनही नापास होणारा मुलगा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि मला त्याचा रागच आला. परीक्षा कशासाठी आहे हा प्रश्न मला पडला नाही. आमच्याकडे तो कुणालाच पडत नाही. परीक्षा आहे, म्हणजे पास व्हायचं, एवढंच आम्हाला माहीत.

"मार बसला की वर्ड्स जातात, काकू. सगळं व्हाइट होतं."

"मग पाठ नीट झालं नव्हतं. पाठांतर कसं हवं? झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन वाजता माझा वर्ग सुरू झाला. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी हे मी वजाबाकी म्हणून शिकवलंच नाही. वजाबाकीला डोकं लागतं. मी त्याचा पाढा केला आणि चालीवर इंग्रजीत घोटून घेतला. महिने डिसेंबरकडून जानेवारीकडे, तसेच. पाच शब्द इंग्रजीत टिकेनात, तेव्हा त्याची मराठीत गोष्ट केली: शिडीवर चढला, संत्रं तोडलं, उशीवर ठेवलं, बटण तुटलं, नदीत पडलं. संत्रं नागपूरचं, हे मी त्याला आवर्जून सांगितलं. तो हाताच्या पाच बोटांवर ते म्हणायचा. मोडून वाकडी जुळलेली करंगळी सरळ व्हायची नाही, म्हणून नदीच्या वेळी ती दुसऱ्या हाताने धरायचा. मी भांडी घासताना मध्येच ओरडायचे, "शहाऐंशीनंतर?" तो बाथरूममधून उत्तर द्यायचा. एकदा सोफ्यावर झोपला होता, मी खरोखरच हलवून उठवलं आणि विचारलं. डोळे न उघडता त्याने सगळं म्हणून दाखवलं. मी टाळ्या वाजवल्या. तीन वर्षांत इतकी खूश मी झाले नव्हते.

महिन्याभराने फोन आला. "काकू! पास!" मागे ड्रेसिंग रूमचा गोंगाट होता. "आय डोन्ट इव्हन रिमेंबर द हिट. ट्रेनर मला विचारत होता आणि माझं तोंड आपोआप चाललं. लाइक अ साँग. सेकंड हाफच्या आधी मी परत आइसवर होतो." त्या खेळात हाफ नसतात, तीन भाग असतात. हे तो सात वर्षांचा असल्यापासून जाणत होता. त्या दिवशी तो चुकला आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. मी मंडळात पेढे वाटले. कशाचे ते सांगितलं नाही.

त्यानंतरच्या दोन सीझनमध्ये तो किती वेळा पास झाला, मला माहीत नाही. सुरुवातीला फोन करायचा. मग माझ्याही लक्षात राहिलं नाही आणि त्याच्याही.

शैलाताईच्या लक्षात येत होतं. एकदा माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता म्हणाली, "दिवा न लावता दाढी करतो गं. उजेड सहन होत नाही म्हणतो. परवा मला तीनदा विचारलं, बाबा कुठे गेलेत. मग स्वतःच ओशाळला."

मी म्हटलं, "शैलाताई, खेळाडू माणूस आहे. थकतो. उगाच बाऊ करू नका."

बाहेरच्या खोलीत अमेय बसला होता. त्याने तेवढा एकच शब्द पकडला आणि हसत ओरडला, "हो आई, काकू इज राइट! बाऊ नाही!" मोठ्यांच्या मराठीत त्या शब्दाचा अर्थ वेगळा होतो, हे त्याला कोण सांगणार? पुढे त्याचं ते पालुपदच झालं. गाल फाटला, बरगडी मोडली, काही झालं की, "नो बाऊ. काकू सेज नो बाऊ." शैलाताई मात्र त्या दिवशी खाली मान घालून मेथी निवडत राहिली. मी तिला गप्प केलं होतं. तिला घाबरायचा हक्क होता, आणि तो मी एका वाक्यात काढून घेतला.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, माझ्या दारासमोर त्याची गाडी बराच वेळ चालू उभी दिसली. मी बाहेर गेले. अमेय स्टिअरिंगला धरून सरळ समोर बघत होता. काच खाली करून त्याने विचारलं, "काकू, मी येतोय की जातोय?"

मला वाटलं, थट्टा करतोय. मग त्याने हात उचलून कपाळावर ठेवला. "बाऊ झाला," तो म्हणाला. या वेळी मला हसू आलं नाही. मी त्याला हाताला धरून आत आणलं, पडदे ओढले. त्याने दात काढून नेहमीसारखे वाटीत ठेवले आणि थोड्या वेळाने त्या वाटीकडे बघून, "हे कोणाचे?" असं विचारलं. त्या दिवशी मला सगळं स्वच्छ कळलं. वाईट वाटलं, असं म्हणणं फार सौम्य होईल. माझी मलाच शिसारी आली. तरीही मी कुणाला काही बोलले नाही. काय बोलणार? पोराला मीच कॉपी करायला शिकवली, हे?

आणि नेमकं त्याच महिन्यात त्याला बोलावणं आलं. दुसऱ्या पायरीच्या एका टीमला मारामाऱ्या करणारा माणूस हवा होता. तिथून वरची लीग एकच पायरी. अट एवढीच: मेंदूच्या डॉक्टरांचं पत्र आणायचं की हा खेळायला ठीक आहे. अमेय त्या आठवड्यात पुन्हा पूर्वीसारखा दिसायला लागला. केस कापून आला. माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "काकू, लास्ट एक्झाम. रिव्हिजन?"

मी रिव्हिजन घेतली नाही. डोकं दुखतंय म्हणाले. तो म्हणाला, "नो बाऊ," आणि हसत गेला.

शैलाताईने डॉक्टरांकडे मलाही बरोबर नेलं. तीस वर्षं या देशात काढलेली बाई, पण म्हणाली, "मला तिथे काही सुचणार नाही, तू चल." खोलीत आम्ही दोघी भिंतीशी खुर्च्यांवर आणि अमेय टेबलासमोर. डॉक्टर प्रौढ बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी पाच शब्द वाचले: ट्रेन, गार्डन, कॉइन, चिकन, मिरर. ट्रेनरच्या कागदावरचे नव्हेत, वेगळे. मी मनात पाठ केले. सवय.

मग महिने उलटे. खणखणीत. शंभरातून सात. एकदाही न अडखळता, माझ्या चालीवर, मान डोलवत. डॉक्टरांनी भुवया उंचावून काहीतरी लिहिलं. अमेयने माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारून त्यांनी विचारलं, सुरुवातीचे पाच शब्द सांगशील का?

अमेय ताठ बसला. हात पुढे घेतला, बोटं पसरली आणि खड्या आवाजात म्हणाला, "शिडीवर चढला, संत्रं तोडलं, उशीवर ठेवलं, बटण तुटलं, नदीत पडलं." नदीला त्याने करंगळी दुसऱ्या हाताने धरली.

डॉक्टर आमच्याकडे वळल्या. "दॅट्स युअर लँग्वेज? दॅट्स फाइन. कॅन यू टेल मी व्हॉट ही सेड?"

प्रश्न शैलाताईला होता. तिने तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. अमेयही माझ्याकडेच बघत होता, पेपर चांगला गेलेल्या मुलाच्या चेहऱ्याने. त्याच्याशिवाय खोलीत मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच. ट्रेन, गार्डन, कॉइन, चिकन, मिरर. मला पाचही पाठ होते. एवढे पाच शब्द उच्चारले असते तर पत्र मिळालं असतं, पोरगा वरच्या पायरीवर चढला असता आणि टेंभुर्णीकरांची ती एक मॅच कदाचित झाली असती.

मी म्हणाले, "लॅडर, ऑरेंज, पिलो, बटन, रिव्हर." आणि मग म्हणाले, "हे तुमचे शब्द नाहीत. हे मी शिकवलेत." किती वर्षांपूर्वी, कशासाठी, सगळं सांगितलं. इंग्रजी मोडकंतोडकं झालं, व्याकरण गेलं, पण सांगितलं. शैलाताईने मध्येच माझा हात धरला. दिलासा द्यायला की थांबवायला, हे मी तिला आजतागायत विचारलेलं नाही.

इंग्रजीत असूनही अमेयला अर्धंच समजत होतं. तो एकदा डॉक्टरांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. "काकू?" तो म्हणाला. "पास ना?"

अकरा वर्षं नागपुरात आणि तीन वर्षं माझ्या डायनिंग टेबलावर, मी कुणाला नापास केलं नव्हतं. "नाही रे बाळा," मी म्हटलं. "नापास."

तो रागावला नाही. रागावला असता, मारलं असतं तरी चाललं असतं. त्याने फक्त हाताकडे पाहिलं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. शैलाताई कागदांवर सह्या करायला आत थांबली होती. गाडीत एसी लावून मी त्याला पुढच्या सीटवर बसवलं, त्याचा काळा चष्मा दिला, दार लावलं आणि बाहेर उभी राहिले, कारण आत त्याच्या शेजारी बसायची माझी हिंमत नव्हती. काचेतून तो दिसत होता. आडनाव न मावणारी ती पाठ सीटला टेकून, मान खाली घालून, तो मांडीवरच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होता. शेवटच्या बोटाशी आला की थांबायचा, ते दुसऱ्या हाताने सरळ करायचा आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरू करायचा. कुठे चुकलं ते शोधत होता. आवाज बाहेर येत नव्हता, पण ओठ मला वाचता येत होते. शिडी, संत्रं, उशी, बटण, नदी. पाचही बरोबर होते.